चाळीस रुपयांचं पाणी आणि पालीचा रविवार



मे महिना लागला की आमच्या भाईंदरच्या कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी एकच भांडण होतं. कुणीतरी लिहितो, "रविवारी पालीला जाऊ. समुद्रावर बसू, बोंबील खाऊ, संध्याकाळी परत येऊ." लगेच एक ज्येष्ठ कार्यकर्ता उसळतो. शिबिराची वर्गणी गोळा व्हायची आहे, दोन केसेसच्या तारखा तोंडावर आहेत आणि तुम्हाला सहली सुचतात? हॉटेलात बसून खाणं हे चळवळीचं काम आहे का? त्यावर आयटीत नोकरी करणारा एक पोरगा तिसरंच बोलतो. त्याचं म्हणणं असतं की आता कुठल्या हॉटेलात जात विचारतात? पैसे स्कॅन करा, जेवा, घरी जा. प्रत्येक गोष्टीत इतिहास कशाला आणता?

यंदा मी कबूल केलं होतं की दोघांनाही उत्तर लिहून देईन. फोनवर बोटं बडवून हे उत्तर देता येणारं नाही, म्हणून हा लेख.

ज्यांनी पाली पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मीरा-भाईंदर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लोकलची गर्दी आणि टॉवर येतात. पण भाईंदर पश्चिमेहून बस पकडून मिठागरं मागे टाकली की शहराचा सूर बदलतो. उत्तन, पाली, चौक ही समुद्रकाठची ख्रिस्ती कोळ्यांची गावं. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या, आणि त्यांवर एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून हजारो बोंबील उन्हात लटकवलेले. वास येतो म्हणून नाक दाबणारे पर्यटक दर रविवारी दिसतात. आमच्या घरात तो वास म्हणजे पावसाळ्याची बेगमी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणून मे महिन्यात सुके बोंबील, जवळा, सुकट भरून ठेवायची, हे गिरणगावातल्या चाळींपासून इथल्या वन-रूम-किचनपर्यंत चालत आलेलं आहे.

माझी आजी हयात असताना आम्ही तिला एकदा पालीला नेलं होतं. किनाऱ्यावर ती खूश होती. पाण्यात पाय बुडवून उभी राहिली, कोळीणबाईशी घासाघीस करून सुकटीचा वाटा घेतला. पण जेवायला हॉटेलात शिरायची वेळ आली तेव्हा ती बाहेरच्या कट्ट्यावर बसली. म्हणाली, तुम्ही खा, माझं मी आणलंय. पिशवीत भाकरी, मिरचीचा ठेचा आणि घरून भरून आणलेली पाण्याची बाटली. खूप आग्रह केला तेव्हा आत आली, खुर्चीच्या कडेवर बसली, जेवली. पण टेबलावरच्या पेल्याला हात लावला नाही. बाटलीतलंच पाणी प्यायली, तेही बाटली उंच धरून, वरून. आम्ही पोरं हसलो. आम्हाला वाटलं, म्हातारीला बाहेरच्या पाण्याची भीती वाटते.

तिला भीती पाण्याची नव्हती, हे मला पुढे पुस्तकं वाचून कळलं. आपल्या माणसांच्या बाबतीत किती गोष्टी आपल्याला अशा उशिरा, आणि त्याही पुस्तकांतून कळतात!

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. छोटंसं पुस्तक आहे, एका बैठकीत वाचून होतं. ज्या कार्यकर्त्याने ते वाचलेलं नाही त्याने आधी ते वाचावं, मग भाषणं ठोकावीत. त्यातली पहिलीच हकिकत उन्हाळी सुट्टीची आहे. साल १९०१. सुभेदार रामजी तेव्हा सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळी कामावर तळं खोदलं जात होतं, त्याचा पगार त्यांच्या हातून वाटला जाई. त्यांनी साताऱ्याला राहणाऱ्या मुलांना पत्र पाठवलं की सुट्टीत इकडे या. भिवा तेव्हा दहा वर्षांचाही झाला नसेल. भाऊ आणि भाचरं सोबत. नवे सदरे, जरीच्या झळाळत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट. रेल्वेच्या प्रवासाचं अप्रूप. मामाच्या गावाला निघालेल्या कुठल्याही पोरांसारखी ही पोरं होती.

मसूर स्टेशनवर ती उतरली. वडिलांना पत्र मिळालंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. कपडे पाहून स्टेशनमास्तरला वाटलं, ही ब्राह्मणांची मुलं. त्याने प्रेमाने चौकशी केली. पोरांनी खरं सांगितलं, आम्ही महार आहोत. मास्तरचा चेहरा उतरला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी: भाडं दुप्पट द्यायचं, गाडी पोरांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान शेजारून चालत येणार.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पोरांच्या स्पर्शाचा विटाळ होता, पोरांच्या पैशाचा नव्हता. दुप्पट पैसे चालले.

पुढे रात्र झाली. पोरांजवळ जेवणाचा डबा भरलेला होता. पोटभर अन्न होतं. पण पाणी नव्हतं. वाटेतल्या ओढ्याचं पाणी म्हणजे चिखल आणि गुरांचं मलमूत्र. तोंडाजवळ नेलं तर वास सहन होईना. पुढे जकात नाक्यावर गाडीवानाने पढवलं की आपण मुसलमान आहोत असं सांगा, म्हणजे पाणी मिळेल. पोराने उर्दूत पाणी मागितलं. नाकेदाराने हाकलून दिलं. भरलेल्या डब्यासमोर ती पोरं रात्रभर उपाशी राहिली, कारण पाण्याशिवाय घास उतरत नाही.

आता आजीची पिशवी आठवा. भाकरी थोडकी असली तरी चालेल, पण पाणी घरून न्यायचं. आपल्या समाजात प्रवासाला निघताना डब्याच्याही आधी पाण्याची बाटली भरतात. या सवयीला लोक काटकसर म्हणतात, गावंढळपणा म्हणतात. माझं मत असं की हा आपल्या पिढ्यांनी शिकलेला भूगोल आहे. कुठल्या वाटेवर कोण पाणी देणार नाही, याचा तो नकाशा.

मग १९२७ साल येतं. महाडचा सत्याग्रह आपण दरवर्षी साजरा करतो, पण त्यातल्या दोन गोष्टींकडे फारसं कुणी बघत नाही. पहिली गोष्ट चाळीस रुपयांची. १९ आणि २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. कोकणातला मार्च, डोक्यावर ऊन, आणि गावोगावहून हजारो माणसं पायी आलेली. गावात चवदार तळं भरलेलं. रावबहादुर बोले यांच्या ठरावाने ४ ऑगस्ट १९२३ लाच सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या केल्या होत्या, आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचा ठरावही केला होता. कागदावर सगळं होतं. तरी परिषदेला आलेल्या माणसांना पाजण्यासाठी संयोजकांना सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. १९२७ चे चाळीस रुपये! मसूरच्या दुप्पट भाड्यासारखाच हा व्यवहार. पैसा चालतो, माणूस चालत नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची आहे. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग माणसं तळ्यावर गेली, पाणी प्यायली, शांतपणे परतली. नंतर गावात आवई उठवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव चालून आला, तेव्हा मंडपात बरीच मंडळी जेवत होती. बायाबापड्यांना, म्हाताऱ्यांना मारलंच, पण शिजवलेलं अन्न मातीत कालवलं, भांडी फोडली. पुढे तळ्याची शुद्धी झाली, शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून. गुरांचं मूत चालतं, माणसाची ओंजळ चालत नाही, हे बाबासाहेबांनी जगाला दाखवून दिलं. पण मला त्या मातीत कालवलेल्या अन्नाबद्दल बोलायचं आहे. आपल्या लोकांनी गावाबाहेर पडून, दुसऱ्या गावात, उघड्यावर, एकत्र बसून जेवायचं, हेच त्यांना सहन झालं नाही. कोर्टात हा तळ्याचा दावा दहा वर्षं चालला आणि मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ ला आपल्या बाजूने निकाल दिला.

महाडच्या काही वर्षं आधी कोल्हापुरात एक वेगळीच लढाई झाली होती. ती चहाच्या कपाची. गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून तिथल्या मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारलं. महाराज परत आल्यावर त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना सांगितलं की आता चाकरी नको, स्वतःचा धंदा काढ. गंगारामांनी भर वस्तीत चहाचं हॉटेल टाकलं. नाव ठेवलं 'सत्यसुधारक'. टापटीप उत्तम, चहा उत्तम, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः फेरफटका मारताना हॉटेलसमोर गाडी थांबवू लागले. रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत, गंगारामांच्या हातचा चहा घ्यायचे आणि सोबतच्या बड्या मंडळींनाही पाजायचे. राजाने घेतल्यावर सरदार नाही कसं म्हणणार?

शाहू महाराजांनी अस्पृश्यता मोडायला १९१९ मध्ये हुकूमही काढले होते. पण त्यांना ठाऊक होतं की हुकूम दप्तरात राहतो आणि चहा रस्त्यावर प्यावा लागतो. सहलीला नावं ठेवणाऱ्या आमच्या ज्येष्ठ मित्राने या चहाला काय म्हणायचं ते सांगावं. तो चैनीचा चहा होता की चळवळीचा?

आणि खुद्द बाबासाहेब सहलीला गेले नव्हते का? गेले होते! १९३४ साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी इच्छा धरली की सगळ्यांनी मिळून स्थळदर्शनाला जावं. तीसएक माणसं वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाली. आपण आज बसेस भरून वेरूळ-अजिंठ्याला जातो, त्या सहलींची ही थोरली बहीण. पण त्या सहलीची एक अट होती. वाटेत अपमान होऊ नये म्हणून आपण कोण आहोत हे सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. कोलंबियाचा आणि लंडनचा डॉक्टर, बॅरिस्टर, गोलमेज परिषदेत ब्रिटिश पंतप्रधानांसमोर बसून आलेला माणूस, आपल्याच मुलखात ओळख लपवून सहलीला चालला होता.

दौलताबादच्या किल्ल्यापाशी ते पोचले तेव्हा सगळे धुळीने माखलेले. प्रवेशाजवळ पाण्याने काठोकाठ भरलेला हौद. काहींनी तोंड धुतलं, पाय धुतले. इतक्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. महिना रमजानचा. बघता बघता गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही पाण्याला हात लावू देणार नाही का. त्यावर ते निरुत्तर झाले. किल्ला बघायला सोडलं, पण सोबत एक शस्त्रधारी शिपाई दिला, आत कुठे पाण्याला शिवू नये म्हणून. पर्यटकाच्या मागे बंदूक. गाईड म्हणून नाही, पहारा म्हणून.

पालीच्या पुढे चौकला धारावीचा किल्ला आहे. १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. रविवारी तिथेही पोरं फोटो काढायला जातात, जरूर जावं. मी किल्ल्यात शिरलो की मला चिमाजी अप्पांच्या आधी दौलताबादचा तो हौद आठवतो. प्रत्येकाचा इतिहास वेगळ्या दारातून किल्ल्यात शिरतो, त्याला इलाज नाही.

आता आयटीतल्या मित्राकडे वळतो. 'हॉटेलात जात कोण विचारतो' असं तू म्हणतोस. बरोबर आहे, सहसा कुणी विचारत नाही. पण न विचारण्याची ही सवय आपोआप लागली का?

१९३० मध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादुर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची एक योजना अल्पसंख्याक समितीपुढे ठेवली. त्यात फौजदारी गुन्ह्याचं एक कलम सुचवलं होतं. उतारूगृहं, शाळा, रस्ते, तळी, विहिरी, जमिनीवरची, पाण्यावरची आणि हवेतलीसुद्धा वाहनं, नाट्यगृहं, करमणुकीच्या जागा, यांचा उपभोग अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. करमणुकीच्या जागा! आपला माणूस गावकुसाबाहेर मेलेली गुरं ओढत होता, आणि त्याचा नेता लंडनमध्ये त्याच्यासाठी थिएटर आणि विमान मागत होता. याला म्हणतात दूरदृष्टी. भाकरीच्या तुकड्यावर समाधान मानणारा नेता असता तर त्याने फक्त विहीर मागितली असती.

या कलमाला त्यांनी आधार दिला होता तो अमेरिकेतल्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा. १८७५ च्या कायद्याने तिथल्या काळ्या नागरिकांना खानावळी, वाहनं, नाट्यगृहं यांत समान हक्क दिला होता, पण तिथल्या सुप्रीम कोर्टाने १८८३ मध्ये तो रद्द केला. पुढे पाऊणशे वर्षं काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात बसता येत नव्हतं. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. किरकोळ सामान घेतलं, दुकानदाराने पैसे घेतले. मग खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली, तर ती दिली नाही. सामानाचे पैसे चालले, बसणारा माणूस नाही! मसूर, महाड आणि ग्रीन्सबरो यांत समुद्र आहे, पण हिशेब एकच आहे. ते विद्यार्थी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, मग शेकडो आले. अमेरिकेत हॉटेलं सर्वांना खुली करणारा कायदा १९६४ साली झाला.

आपल्याकडे तो हक्क २६ जानेवारी १९५० पासून आहे. संविधानाचं कलम १५, उपकलम २. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं, सार्वजनिक करमणुकीच्या जागा. आणि विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सार्वजनिक वापराच्या जागा. मूलभूत हक्कांची बहुतेक कलमं सरकारला बांधतात. हे कलम गल्ल्यावर बसलेल्या मालकालाही बांधतं. २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत या मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' म्हणजे नक्की काय, न्हावी आणि धोबी त्यात येतात का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे. जो कुणी मोबदला घेऊन लोकांना सेवा द्यायला बसला आहे, तो सगळा यात आला. मसूरच्या गाडीवानाला आता दुप्पट भाडं मागता येणार नव्हतं.

१९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा, म्हणजेच १९७६ पासूनचा नागरी हक्क संरक्षण कायदा, आणखी खोलात जातो. त्याच्या चौथ्या कलमात हॉटेलात प्रवेश तर आहेच, पण हॉटेलात ठेवलेली भांडी वापरण्याचा हक्क वेगळा लिहिला आहे. भांड्यांचा उल्लेख का करावा लागला? कारण प्रवेश देऊन कप वेगळा ठेवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक होती. माझ्या आजीच्या गावच्या टपरीत आपल्या माणसांचा कप बाहेर भिंतीच्या कोनाड्यात असायचा. आपणच उचलायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, पिऊन झाल्यावर आपणच धुवून पुन्हा तिथे पालथा घालायचा. चहाचे पैसे मात्र सगळ्यांइतकेच. टेबलावरच्या पेल्याला तिने हात का लावला नाही, याचं उत्तर त्या कोनाड्यात होतं. कायदा १९५५ ला झाला, पण तिच्या हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

इथे एक शंका कुणी काढेल. बाबासाहेबांनीच 'जातिनिर्मूलन'मध्ये लिहिलंय ना, की सहभोजनाने जात मरत नाही? हो, लिहिलंय, आणि ते खरं आहे. त्या काळात सहभोजनांची लाट होती. सवर्ण सुधारक आपल्याला पंगतीला बोलवायचे, शेजारी बसून जेवायचे, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. चांगली माणसं होती त्यांत, मी टिंगल करत नाही. पण सहभोजनात यजमान तो असतो आणि पाहुणे आपण. त्याच्या मनाचा मोठेपणा आणि आपली कृतज्ञता, असा तो मामला. हॉटेलात तसं नसतं. मी पैसे टाकतो, तू ताट आणतोस, कुणी कुणावर उपकार करत नाही. ताट थंड असेल तर मी परत पाठवू शकतो. परत पाठवण्याचा हक्क सहभोजनात कुठे आहे? म्हणून मला सहभोजनापेक्षा हॉटेलाचं बिल जास्त आंबेडकरी वाटतं. कुणाला हे वाक्य खटकलं तर खटकू दे.

तर मित्रा, जात विचारत नाहीत हे खरं, पण ती दुसऱ्या वाटेने कळते. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाने सुट्टीसाठी किनाऱ्यावरचा एक बंगला बुक करायला फोन केला. कुठल्या गावाचा ते सांगत नाही. नाव सांगितलं, समोरून आडनाव विचारलं गेलं, आडनाव सांगितलं, मग "बघून कळवतो" झालं. कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुसरीकडे नुसतं पहिलं नाव देऊन जागा घेतली. सहल मजेत झाली. परतताना तो म्हणाला, आडनाव सांगितलं नाही तर त्रासच होत नाही. मी काही बोललो नाही. मला १९३४ मधली ओळख लपवून निघालेली तीस माणसं आठवत होती.

आणि खाण्याचं काय? आमच्या शहरात रस्तोरस्ती 'शुद्ध शाकाहारी' पाट्या आहेत. कुणी काय शिजवावं हा ज्याचा त्याचा प्रश्न, शाकाहारी हॉटेल काढायला माझी हरकत नाही. मीही तिथे डोसा खातो. पण 'शाकाहारी' पुरे होतं की! त्याच्या आधी 'शुद्ध' कशाला? मग पालीच्या कोळीणबाईची टोपली काय झाली? २०१५ च्या पर्युषणात आमच्याच मीरा-भाईंदर महापालिकेने आठ दिवस मांसविक्री बंद ठेवायचं ठरवलं होतं. मुंबईतल्या तशाच बंदीचा खटला हायकोर्टात गेला तेव्हा मासळी का वगळली असं विचारलं गेलं. सरकारतर्फे उत्तर आलं की मासा पाण्याबाहेर काढला की मरतो, त्यात कत्तल नाही! पालीचे बोंबील या युक्तिवादाने वाचले म्हणायचे. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी आली आणि आपल्या कित्येक घरांतलं स्वस्त मांस गेलं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरातलं खाणं नोंदवून ठेवलंय. वाचा आणि सांगा, त्यातला एक तरी पदार्थ 'अस्सल महाराष्ट्रीय थाळी'त सापडतो का. आपण हॉटेलात शिरलो, आपली चूल अजून बाहेर कट्ट्यावर बसली आहे.

ज्येष्ठ मित्रासाठी एक गोष्ट राहिली. त्यांचा राग मला कळतो. आपल्या शहराचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. सहलीच्या बशी-पेल्यांचा ढीग उचलणारे हात बहुतेक आपल्याच लोकांचे असतात, आणि त्यांना मे महिन्यात सुट्टी नसते. पालीला जाऊन प्लास्टिक टाकून येणार असू तर न गेलेलं बरं. पण त्या सफाई कामगाराच्या पोरांनीही समुद्रावर जावं, टेबलावर बसून ताजा बोंबील मागवावा, थंड असेल तर परत पाठवावा, ही मागणी चळवळीची नाही तर कुणाची? म्हणून यंदा वर्गणीतून वस्तीतल्या बारा पोरांचं बसभाडं आणि जेवण काढायचं ठरलंय. शिबिराची वर्गणी वेगळी, त्यात हात घालणार नाही, काळजी नसावी.

रविवारी सकाळी साडेनऊला भाईंदर पश्चिमेला बस स्टॉपवर जमायचं. टोप्या आणा, ऊन फार आहे. हॉटेलात पंचवीस माणसं येणार असं आधीच सांगून ठेवलंय, माझ्या पूर्ण नावाने, आडनावासकट. आईलाही विचारलं, ती येते म्हणाली. लगेच विचारलं, "पाण्याच्या बाटल्या किती भरू?"

म्हटलं, भर दोन-तीन. बसमध्ये पोरांना तहान लागेल.

जयभीम!